हार्ली टुरिंगवर नवा रेडिओ बसवताना: आधी जोड पाहा, मग रेडिओ

ओहायोतल्या कोलंबसहून एका मराठी रायडरने विचारलं आहे. त्यांनी २०१० ची इलेक्ट्रा ग्लाइड अल्ट्रा क्लासिक, म्हणजे हार्लीची लांब प्रवासाची मोटरसायकल, सेकंड हँड घेतली. कंपनीच्या रेडिओचा डिस्प्ले अर्धा गेलाय, सीडी आत अडकून बसली आहे आणि ब्लूटूथ तर त्यात कधी नव्हतंच. जूनमध्ये नवराबायको दोघं ब्लू रिज पार्कवेला, म्हणजे व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगररस्त्याला, निघणार आहेत. त्याआधी कुठला रेडिओ घ्यावा, आणि तो घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बसवता येईल का?

बसवता येईल. एक शनिवार-रविवार पुरे. पण रेडिओ घेण्याची घाई करू नका. माझ्याकडे फसलेल्या कामाच्या ज्या गाड्या येतात, त्यात बहुतेक वेळा रेडिओ चांगलाच असतो. गोंधळ असतो तो रेडिओ आणि गाडी यांच्यामधल्या हातभर वायरीत. वायरिंग मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. गेली अठरा वर्षं इथे क्लीव्हलंडजवळ मोटरसायकलींचं इलेक्ट्रिकल काम करतो, आणि त्यातला मोठा भाग हार्लीच्या टुरिंग गाड्यांचा आहे.

म्हणून माझा क्रम उलटा असतो. आधी तुमच्या गाडीला बसणारा जोड ठरवायचा, म्हणजे ब्रॅकेट, गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये थेट बसणारा हार्नेस (तयार वायरींची जुडी), आणि हँडलवरच्या बटणांचा संदेश नव्या रेडिओला समजेल असा करून देणारा छोटा डबा. मग त्या जोडाला चालणारा रेडिओ. कॅटलॉगमधला रेडिओ आधी आवडला की पुढे प्रत्येक पायरीवर काहीतरी कापावं लागतं.

काय जाणार, ते आधी माहीत असू द्या

तुमची अल्ट्रा आहे, त्यामुळे तिचा रेडिओ नुसता रेडिओ नाही. सीबी (वाटेतल्या ट्रकवाल्यांशी, रायडरांशी बोलायचा रेडिओ), रायडर आणि मागच्या सीटमधला इंटरकॉम, हेल्मेटच्या वायरीचा तो गोल सात पिनांचा प्लग, मागच्या सीटजवळची आवाजाची बटणं, आणि वेग वाढला की आपोआप आवाज वाढवणारी सोय, हे सगळं त्या एकाच डब्यातून चालतं. बाजारातला साधा रेडिओ लावला की यातलं बहुतेक सगळं बंद पडतं. स्ट्रीट ग्लाइडवाल्याला हे नुकसान फारसं जाणवत नाही, कारण त्या मॉडेलमध्ये यातलं बरंचसं मुळात नसतंच. अल्ट्रावाल्याच्या घरात मात्र दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरून तक्रार येते. तेव्हा वहिनींना आधी विचारा, त्या इंटरकॉम वापरतात का.

वापरत असतील तर माझा प्रामाणिक सल्ला वेगळा आहे. दोघांच्या हेल्मेटला सेना किंवा कार्डोचे ब्लूटूथ इंटरकॉम घ्या आणि रेडिओ नंतर बदला. तुमच्या फेअरिंगमध्ये, म्हणजे हँडलपुढच्या कवचात, ऑक्सची खाच आहे, बाहेरचं यंत्र वायरीने जोडायची. मूळ रेडिओचा तो भाग अजून चालत असेल, तर तिथे लहानसा ब्लूटूथ रिसीव्हर लावून फोनवरची गाणी वाजवता येतात. सेकंड हँड कंपनी रेडिओचाही मार्ग आहे. मात्र तो दुसऱ्या मॉडेलवरून काढलेला असेल, तर मागचे स्पीकर आणि सीबी चालू करण्यासाठी डीलरकडून त्याची सेटिंग बदलून घ्यावी लागते. हा खर्च धरूनच त्याची किंमत ठरवा.

इंटरकॉमची गरज नसेल तर दोन रस्ते उरतात. एक, १९९८ ते २०१३ च्या हार्लीसाठीच बनवलेला रेडिओ. रॉकफर्ड फॉसगेट, साउंडस्ट्रीम, अक्वाटिक एव्ही यांचे असे रेडिओ आहेत. खाचेत बसतात आणि हँडलची बटणं चालवतात. दुसरा, बोटींसाठी बनवलेला साधा एक-डिन रेडिओ आणि त्याला मेट्राचा १९९६ ते २०१३ च्या हार्लीसाठीचा किट. डिन म्हणजे गाड्यांच्या रेडिओचं ठरलेलं माप, साधारण १८० बाय ५० मिलिमीटर. बोटीचा रेडिओ स्वस्त पडतो आणि पाच वर्षांनी तो बिघडला तर त्याच मापाचा कुठलाही घालता येतो. मला स्वतःला हा दुसरा रस्ता जास्त आवडतो.

निवडताना मी काय पाहतो

पहिलं म्हणजे हात. आवाज कमी करायला डावा हात ग्रिपवरून उचलावा लागला, तर तो रेडिओ मोटरसायकलसाठी नाही. हँडलची बटणं चालणं ही माझ्यासाठी अट आहे. त्या खालोखाल गोल फिरणारं बटण, म्हणजे हातमोज्यातूनही चाचपून सापडेल असं. टच स्क्रीन दुकानात देखणी दिसते. पण जाड हातमोजा तिला कळत नाही, पावसाचा थेंब मात्र बोटासारखा कळतो, आणि मग स्टेशन आपोआप बदलायला लागतं. नकाशासाठी स्क्रीन हवीच असेल तर घ्या, पण आवाजाचं बटण खरंखुरं हवं.

दुसरं, पाणी. खोक्यावर आयपीएक्स-५ किंवा ६ लिहिलेलं असतं, म्हणजे पाण्याचा मारा किती सोसेल त्याचा आकडा. ते नीट वाचा. पुष्कळदा तो आकडा फक्त समोरच्या पट्टीपुरता असतो. तुमची बॅटविंग फेअरिंग बंद डबा नाही, विंडशील्डच्या कडेने पाणी आत उतरतं आणि ते रेडिओच्या पाठीवर पडतं. पाठ उघडी असलेला कारचा रेडिओ एखादा उन्हाळा काढतो, दुसरा काढेलच असं नाही. सर्किट बोर्डावर ओलावा रोखणारा थर दिला असल्याचं स्पष्ट लिहिलेला रेडिओ निवडा. आणि सीडी नसलेला, आखूड खोलीचा घ्या. मागे वायरींच्या जुडीला जागा लागते.

तिसरं, वॅट. खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. गणित सोपं आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. तेवढ्या व्होल्टवर, आत वेगळा अँप (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) नसलेला रेडिओ ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त सव्वीसेक वॅट देऊ शकतो. प्रत्यक्षात अठरा-वीस मिळतात. त्यापलीकडचा आकडा फाटक्या आवाजाचा. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो, कानाला तो जेमतेम कळतो. उलट ८९ डेसिबलचा स्पीकर काढून ९२ चा लावला, तर तेच तीन डेसिबल बॅटरीवर काही भार न टाकता मिळतात. म्हणून आधी चांगले, जास्त संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच वॅटला मोठा आवाज देणारे स्पीकर. तुमच्या फेअरिंगमध्ये सव्वापाच इंची बसतात. हजार वॅटचा अँप, त्याला पेलवत नाही म्हणून दुसरी बॅटरी, ती मावत नाही म्हणून डिकी अडवायची, हे नाकापेक्षा मोती जड होतं.

आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. कानात फोमचे बोळे घाला. हायवेच्या वेगाला हेल्मेटभोवती वाऱ्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. बोळे वारा आणि गाणं दोन्ही दाबतात, पण कानावरचा मारा कमी झाल्याने गाण्याचे शब्द उलट स्पष्ट कळतात. संध्याकाळी कान बधिर होत नाहीत ते वेगळंच.

चौथं, हवामानाचा बँड. मी यावर अडून बसतो. अमेरिकेत हवामान खात्याची स्वतःची रेडिओ सेवा आहे. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ यांच्यामध्ये सात वाहिन्या, दिवसरात्र अंदाज आणि इशारे. तुमच्या जुन्या रेडिओत तो बँड आहे. बोटींच्या काही रेडिओंतही असतो, कारच्या रेडिओत सहसा नसतो. जूनमध्ये डोंगरात दुपारी ढग भरून येतात, फोनला रेंज नसते, अशा वेळी पुढच्या घाटात विजांचा इशारा आहे हे सांगणारं दुसरं काही गाडीवर नसतं.

पार्कवेवर एफएमकडून मात्र जास्त अपेक्षा ठेवू नका. ४६९ मैलांचा रस्ता, बराचसा डोंगरमाथ्याने जाणारा. एका वळणावर स्टेशन खणखणीत, पुढच्या वळणावर गायब. उत्तरेकडच्या टोकाला तर तुम्ही वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीसाठी १९५८ साली आखलेल्या शांतता क्षेत्राच्या हद्दीत येता. तिथे नवीन ट्रान्समीटर उभारण्यावर बंधनं आहेत. गाणी पेन ड्राइव्हवर भरून न्या, आणि ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करा. बऱ्याच रेडिओंना दुसरी पद्धत वाचता येत नाही.

ब्लूटूथबद्दल हमखास होणारा गैरसमज इथेच दूर करतो. रेडिओतलं ब्लूटूथ फोनकडून गाणं घेतं. हेल्मेटमधलं ब्लूटूथही फोनकडून गाणं घेतं. दोघेही घेणारे, देणारा कोणीच नाही. त्यामुळे रेडिओवरचं एफएम हेल्मेटमध्ये ऐकू येईल असं समजून रेडिओ घेऊ नका. बाहेर ब्लूटूथ पाठवण्याची सोय असल्याचं स्पष्ट लिहिलं असेल तरच ते जमतं.

बसवणं

सीट काढा, बॅटरीची काळी वायर आधी सोडवा. पुढच्या मडगार्डवर जाड टॉवेल टाका. टॉर्क्सचे टी-२५ आणि टी-२७ पाने जवळ ठेवा. विंडशील्डचे तीन स्क्रू, मग आतल्या बाजूचे, हँडल एकदा डावीकडे एकदा उजवीकडे वळवून. शेवटचा स्क्रू निघाला की बाहेरची फेअरिंग हेडलाइटच्या वजनाने पुढे झुकते, तेव्हा एक हात तिच्यावर असू द्या आणि हेडलाइटचा कनेक्टर काढा. समोर रेडिओ दिसेल, दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटला धरलेला. काही सोडवण्याआधी फोनवर चार फोटो काढून ठेवा.

आता कात्री लांब ठेवा. मूळ हार्नेसची एकही वायर कापायची नाही. किटमधला हार्नेस एका टोकाला गाडीच्या सॉकेटमध्ये बसतो, दुसऱ्या टोकाला सुट्या वायरी येतात. जोडकाम त्या सुट्या टोकांवर करायचं, तेही टेबलावर बसून, गाडीवर वाकून नाही. बाजारातल्या बहुतेक रेडिओंचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायमचा करंट, लाल म्हणजे चावीनंतरचा, काळी अर्थ. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली ती त्या जोडीतली निगेटिव्ह. स्पीकरची निगेटिव्ह अर्थला किंवा दुसऱ्या निगेटिव्हला कधीही जोडू नका, रेडिओतली चिप जळते. निळी आणि निळी-पांढरी तुम्हाला लागणार नाहीत. त्यांची टोकं वेगवेगळी स्लीव्ह घालून बंद करा, उघडी सोडू नका.

त्याआधी स्पीकरवर मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो, २ ओहमचा पावणेदोनच्या आसपास. जुने स्पीकर २ ओहमचे निघाले आणि नवा रेडिओ ४ चा असेल, तर ते त्यावर लावू नका. पाच मिनिटं छान वाजेल, उन्हात तासाभराने रेडिओ स्वतःला बंद करून घेईल.

वायरींचे जोड डाख (सोल्डर) देऊन करावेत की दाबून? उद्यमनगरातले माझे उस्ताद हलत्या जागी डाख दिलेला जोड ठेवूच देत नसत, आणि व्ही-ट्विन इंजिन म्हणजे सगळीच जागा हलती. डाख वायरीच्या तारांत वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि कडक-मऊच्या सीमेवर तार तुटते. मी चांगल्या पकडीने दाबलेले जोड करतो, वर आतून गोंद सुटणारी स्लीव्ह तापवून बसवतो. प्लास्टिकचे निळे चिमटे, जे वायरीचं आवरण टोचून पकडतात, ते गाडीच्या जवळही आणू नका.

त्याचं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे २०११ ची एक स्ट्रीट ग्लाइड टेम्पोवर आली. एका दुकानाने तिच्यावर रेडिओ बसवला होता. मालक पार्किंगमध्ये हळू वेगात यू टर्न घेत होता, हँडल पुरतं उजवीकडे गेलं आणि इंजिन गचकन बंद पडलं. साडेतीनशे किलोच्या वरची गाडी त्याच्या पायावर कलली, घोटा मोडला. मी फेअरिंग उघडली. रेडिओसाठी ओढलेली जादा वायर मूळ जुडीला टायने करकचून बांधली होती. बॅटविंग हँडलबरोबर वळते, प्रत्येक वळणाला ती जुडी गाडीच्या मानेपाशी, म्हणजे हँडल चौकटीला जोडतं तिथे, ताणली जात होती. एका जागी आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं, त्यावर कडेने काळा डाग, म्हणजे तिथेच शॉर्ट झालं होतं. वरच्या बाजूला तीन निळे चिमटे, उघडले तर आत हिरवी पूड. रेडिओ? तो व्यवस्थित वाजत होता.

म्हणून मानेजवळ वायरीला सैल वळसा ठेवा, टाय बोटभर ढिला ठेवा. जोड रेडिओच्या पाठीपेक्षा खाली येऊ द्या आणि वायर कनेक्टरच्या खाली झुकून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे पाणी झोळीत थेंबून पडतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. फेअरिंगच्या रंगवलेल्या ब्रॅकेटला अर्थ देऊ नका. मूळ हार्नेसची अर्थ वापरा. पुढे कधी अँप लावलाच, तर त्याची लाल वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत लावा.

अँटेना शेवटी. मागच्या छडीची केबल पुढे रेडिओपर्यंत येते, तीच नव्या रेडिओत घाला. ती छडी कापून आखूड करण्याची फॅशन आहे, तिच्या नादी लागू नका. एफएमची लाट तीन मीटरच्या आसपास असते, तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर. छडीची लांबी उगाच ठेवलेली नाही.

फेअरिंग बंद करण्याआधी

सगळं नुसतं अडकवून इंजिन चालू करा. गाडी जागेवर, इंजिन आयडलवर ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा. इंजिनचा सूर बदलतो का ऐका, रेडिओ क्षणभर बंद पडतो का पाहा. यातलं काहीही झालं तर वायर कुठेतरी ताणते आहे.

मग कान द्या. थ्रॉटल वाढवल्यावर शिट्टी चढत जात असेल, तर अर्थ किंवा चार्जिंगचा प्रश्न. थ्रॉटलबरोबर टिकटिक वाढत असेल, तर इग्निशन. प्लग आणि प्लगच्या वायरी पाहा. थ्रॉटलशी काही संबंध नसलेली एकसारखी गरगर असेल, तर स्वस्त एलईडी हेडलाइट किंवा यूएसबी चार्जर. हेडलाइटचा कनेक्टर काढून बघा. तो काढताच स्टेशन लख्ख लागलं, तर दिवा बदला, अँटेनाला दोष देऊ नका.

शेवटचं माप बॅटरीचं. चावी बंद करून बॅटरीच्या काळ्या वायरीत मीटर मिलिअँपिअरवर लावा आणि गाडीची सगळी यंत्रं झोपेपर्यंत थोडा वेळ थांबा. मग रेडिओचा कनेक्टर घालून आणि काढून दोनदा वाचा. आठवणीपुरता रेडिओने काही मिलिअँपिअरच खावेत. त्याने पन्नास खाल्ले, तर तुमची २८ अँपिअर-अवरची बॅटरी ५६० तासांत, म्हणजे तेवीस दिवसांत सपाट होईल, आणि स्टार्टर ओढायची ताकद तर त्याच्या कितीतरी आधी जाईल. असं झालं तर पिवळी आणि लाल वायर उलटी लागली नाही ना, ते पाहा. ओहायोच्या हिवाळ्यात गाडी चार महिने उभी राहते, तेव्हा हे माप घेतल्याशिवाय फेअरिंग बंद करू नका.

हे सगळं २०१३ पर्यंतच्या टुरिंग गाड्यांबद्दल आहे. भारतात ज्यांच्याकडे स्ट्रीट ग्लाइड किंवा रोड ग्लाइड आहे, त्यांची गाडी बहुधा २०१४ नंतरची असते. तिच्यात रेडिओ गाडीच्या बाकी यंत्रांशी कॅन वायरींवरून (सगळ्या यंत्रांचे संदेश नेणाऱ्या वायरींच्या जोडीवरून) बोलतो, तिथे फक्त त्या गाडीसाठीचा अडॅप्टर चालतो, वरचे रंग जुळवून भागत नाही. आणि अमेरिकेहून रेडिओ नेणार असाल तर मेनूमध्ये प्रदेश बदला. इथला ट्यूनर एफएमवर ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारत विषम आकड्यांवरच थांबतो, एएमवर १० किलोहर्ट्झने जातो. आपल्याकडे एएमची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत, ती त्याला नीट सापडत नाहीत. हा बदल ज्यात करता येत नाही तो रेडिओ नेऊ नका.

तुमच्याकडे जूनपर्यंत वेळ आहे, तर एप्रिलमध्येच बसवा आणि एखाद्या पावसात शंभरेक मैल मुद्दाम फिरून या. परत आल्यावर फेअरिंग पुन्हा उघडून हाताने प्रत्येक कनेक्टर चाचपा आणि रेडिओच्या ब्रॅकेटचे स्क्रू एकदा आवळा. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामानाच्या सातही वाहिन्या रेडिओच्या आठवणीत भरून ठेवा. चार्ल्सटनवरून आय-७७ हायवेने खाली उतरून फॅन्सी गॅपपाशी पार्कवेवर चढलात, तर वाटेत दोन लांब बोगदे लागतात. तिथे स्टेशन गेलं तर रेडिओला हात लावू नका, बाहेर पडल्यावर ते परत लागेल.